वहिवाटीचे हक्क



या व्यासपीठावर संगणकावर बोलायला कोणी आलं की श्रोत्यांची पहिली अपेक्षा कृत्रिम बुद्धिमत्तेची असते. ती आज पुरी होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बोलणार आहे तो विषय, युनिक्सच्या लायब्रऱ्यांची दुरुस्ती, जुना आहे, कंटाळवाणा समजला जातो आणि त्यात काम करणाऱ्यांना कोणी हारतुरे घालत नाही. पण तुमच्या बँकेचा सर्व्हर आणि रेल्वेचं आरक्षण त्याच्याच आधारानं चालतं.

केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू केलं. त्याचं गोत्र आज फार पसरलं आहे. बर्कली विद्यापीठातून निघालेली बीएसडी घराणी, ॲपलची मॅक, आणि युनिक्सचा कोड न घेता त्याच्या धर्तीवर नव्यानं लिहिलेलं लिनक्स. या सगळ्यांत प्रोग्रॅम लिहिणारा माणूस प्रत्येक गोष्ट स्वतः करत नाही. फाइल उघडणं, अक्षरं एका जागेवरून दुसरीकडे नेणं, यादी क्रमानं लावणं, किती वाजले ते सांगणं ही कामं आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. अशा एकेका तयार कामाला फंक्शन म्हणतात आणि त्यांच्या संचाला लायब्ररी. सर्वांत पायाभूत लायब्ररी म्हणजे लिबसी, सी भाषेची. तिची एकच प्रत यंत्रावर असते आणि हजारो प्रोग्रॅम तीच वापरतात. दुरुस्ती करणाऱ्याची सगळी अडचण या एका प्रतीतून सुरू होते. तो एक ओळ बदलतो आणि ज्यांची नावंही त्याला ठाऊक नाहीत अशा लोकांचे प्रोग्रॅम वेगळे वागू लागतात.

लिबसीच्या शेजारी एक लहान लायब्ररी आहे, लिबयूटिल नावाची. फ्रीबीएसडीच्या मॅन्युअलमध्ये तिची ओळख 'सिस्टिम युटिलिटीज लायब्ररी' एवढीच आहे. धड कुठल्याच वर्गात न बसणाऱ्या गोष्टी तिच्यात ठेवल्या आहेत. डिस्कवर किती जागा उरली ते बाइटमध्ये न सांगता '३७ जी' असं माणसाला कळेल असं छापणारं फंक्शन तिथे आहे. पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम दोनदा सुरू होऊ नये म्हणून त्याच्या नावाची फाइल कुलूपबंद करणारं फंक्शन आहे. आणि ओपनपीटीवाय आहे, ज्याच्यावर थोडं थांबावंसं वाटतं.

एकेकाळी टर्मिनल म्हणजे खरोखरचं यंत्र होतं, तारेनं मुख्य संगणकाला जोडलेलं. आज ते पडद्यावरची एक खिडकी आहे, किंवा पुण्यात बसून फ्रँकफुर्टच्या सर्व्हरवर केलेलं लॉगिन. तरी पलीकडच्या प्रोग्रॅमला अजून वाटतं की आपण यंत्राशीच बोलतोय. हा भास टिकवायला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एक जोडी तयार करतं. तिचं एक टोक टर्मिनलचं सोंग घेतं आणि दुसरं आपल्या खिडकीच्या हातात असतं. ही जोडी मिळवून देणं हे ओपनपीटीवायचं काम. जुन्या बीएसडीत या जोड्यांच्या फाइली आधीच करून ठेवलेल्या असत, एक अक्षर आणि एक आकडा अशा नावांच्या. ओपनपीटीवाय पहिल्यापासून एकेक उघडून बघत जायचं आणि जी रिकामी सापडेल ती घ्यायचं. मग ते टर्मिनल लॉगिन करणाऱ्याच्या नावावर करायचं, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्यात डोकावता येऊ नये. पण मालकी बदलायला रूटचा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा अधिकार लागतो आणि साधा प्रोग्रॅम तो आणणार कुठून?

लिनक्सवरच्या लिबसीनं, म्हणजे जीलिबसीनं, यासाठी एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम ठेवला होता. नाव पीटी-चाउन. कोणीही हाक मारली तरी तो रूटच्या अधिकारानं चालायचा, टर्मिनलची मालकी बदलायचा आणि संपायचा. पुढे कर्नलमध्येच अशी सोय झाली की जोडी तयार होतानाच तिची मालकी योग्य माणसाकडे जाई. मदतनिसाची गरज संपली, तरी तो राहिला. काढून टाकला आणि कुठल्यातरी जुन्या यंत्रावर कोणाचं अडलं तर? २०१३ मध्ये लक्षात आलं की त्याला चकवून दुसऱ्याच्या टर्मिनलचा ताबा घेता येतो. त्याच वर्षी जीलिबसी २.१८ मध्ये तो आपोआप बसवणं बंद झालं. ज्याला हवाच असेल त्यानं मुद्दाम मागून घ्यावा. रूटच्या अधिकारानं चालणारा, कामाचा न उरलेला प्रोग्रॅम कोणाच्या तरी काळजीपोटी वर्षानुवर्षं जागच्या जागी होता. असे मदतनीस प्रत्येक जुन्या सिस्टिममध्ये आहेत.

आता लिबयूटिलचं लिनक्सवर काय झालं ते सांगतो, कारण त्यात या कामाचा सगळा स्वभाव दिसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जीलिबसी २.३४ आली. तिनं लिबयूटिल आणि तिच्यासारख्या आणखी काही लायब्रऱ्या मुख्य लिबसीत विलीन केल्या. कारण रास्त होतं. अपग्रेड चालू असताना मुख्य लायब्ररी नवी आणि जोडलायब्ररी जुनी असा क्षण येऊ शकतो, आणि त्या क्षणी सुरू झालेला प्रोग्रॅम कोसळू शकतो. पण जगभरातल्या बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रॅम बांधण्याच्या, सूचनांमध्ये 'लिबयूटिल जोडा' अशी ओळ लिहिलेली होती. लायब्ररी सापडली नाही तर ते सगळे बिल्ड बंद पडले असते. म्हणून देखभाल करणाऱ्यांनी लिबयूटिल नावाची रिकामी संग्रह-फाइल तशीच ठेवली. रिकाम्या संग्रहात फक्त त्या प्रकारची खूण असते, ८ बाइट. आजच्या लिनक्सवर विकासाची साधनं बसवली की या ८ बाइटांची फाइलही येते. ती कोणाला काही देत नाही. तिचं काम एवढंच, की कोणी नाव घेतलं तर 'आहे' म्हणायचं.

एवढं कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर आता मेमकॉपीची गोष्ट ऐका.

सी भाषेत बाइट एका जागेवरून दुसरीकडे नेण्यासाठी दोन फंक्शनं आहेत, मेमकॉपी आणि मेममूव्ह. जिथून न्यायचं आणि जिथे न्यायचं ते दोन भाग एकमेकांवर चढत असतील तर मेममूव्ह वापरावं. चढत नसतील तर मेमकॉपी, कारण तिला ती काळजी घ्यावी लागत नाही. चढणाऱ्या भागांवर मेमकॉपी चालवली तर काय होईल याची हमी नाही, असं भाषेचं प्रमाणपत्रक, म्हणजे स्टँडर्ड, स्वच्छ सांगतं. प्रत्यक्षात जुनी मेमकॉपी पुढून मागे, एकेका तुकड्यानं नक्कल करायची. त्यामुळे भाग एका विशिष्ट दिशेनं चढत असले तरी उत्तर बरोबर यायचं. लोकांनी मॅन्युअल वाचलं नाही. प्रोग्रॅम चालतोय ना, मग झालं.

२०१० मध्ये इंटेलच्या काही प्रोसेसरांसाठी जीलिबसीत नवी, वेगवान मेमकॉपी आली आणि ती मागून पुढे नक्कल करू लागली. फेडोरा १४ ही लिनक्सची आवृत्ती वापरणाऱ्यांना ब्राउझरमधलं गाणं खरखरत ऐकू येऊ लागलं. दोषी होता ॲडोबीचा फ्लॅश प्लेअर. त्यात एके ठिकाणी चढणाऱ्या भागांवर मेमकॉपी वापरली होती. फ्लॅशचा कोड बंद, त्यामुळे तो फक्त ॲडोबीलाच सुधारता येणार. लायब्ररीच्या बाजूचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं. हा आमचा बग नाही, नियम तुम्ही मोडलात. त्या चर्चेत लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स स्वतः उतरले. त्यांचा सूर असा होता की वापरणाऱ्याला प्रमाणपत्रकाशी कर्तव्य नाही, त्याचं गाणं काल वाजत होतं आणि आज वाजत नाही.

आपल्याकडे ज्यांची शेती आहे त्यांना हा वाद शिकवायला नको. सातबारा एकाच्या नावावर असतो, पण त्याच्या बांधावरून शेजाऱ्याच्या बैलगाड्या पिढ्यान्‌पिढ्या जातात. कागदावर वाट नाही आणि नकाशातही नाही. एक दिवस मालक तिथे तारेचं कुंपण घालतो आणि प्रकरण तहसीलदारासमोर जातं. त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. १८८२ चा ईझमेंट कायदा म्हणतो, की वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार आणि हक्क समजून वापरलेली वाट हा वापरणाऱ्याचा अधिकार होतो. लायब्ररीच्या जगात असा कायदा नाही, मामलेदारही नाही. वहिवाट मात्र आहेच. लायब्ररीचं जे वागणं कोणीही कबूल केलेलं नाही त्यावरूनही कोणाच्या तरी गाड्या जात असतात, आणि किती व कोणाच्या ते मालकाला कुंपण घातल्यावरच कळतं.

मेमकॉपीच्या प्रकरणात अखेर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो. जीलिबसीत एकाच नावाच्या फंक्शनला अनेक व्हर्जनं ठेवता येतात. प्रोग्रॅम तयार होताना त्यात त्या वेळच्या व्हर्जनची नोंद होते. २.१४ पासून असं ठरलं की ज्या जुन्या प्रोग्रॅमांत जुन्या मेमकॉपीची नोंद आहे त्यांना मेममूव्हसारखं सुरक्षित वागणं मिळेल, आणि जे यापुढे तयार होतील त्यांना नवी, वेगवान आणि कडक मेमकॉपी. जे चालत आले त्यांची वाट चालू राहिली, नव्यांना नकाशाप्रमाणे जावं लागलं. टॉर्वाल्ड्स जिंकले का? माझ्या मते अर्धे. कारण नियम होता तो नियमच राहिला, फक्त तो मागच्या तारखेपासून लागू केला नाही.

अगदी अलीकडे हेच सॉर्टिंगच्या बाबतीत घडलं. यादी क्रमानं लावणारं क्यूसॉर्ट हे फंक्शन जीलिबसीत आतून मर्जसॉर्ट वापरायचं. त्यात समान गुणांच्या दोन नोंदी मूळ क्रमातच राहतात. तशी हमी कुठेही दिलेली नव्हती. २०२३ मध्ये मर्जसॉर्ट काढून दुसरी पद्धत घातली. तक्रारी आल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये, २.३९ बाहेर पडण्यापूर्वीच, मर्जसॉर्ट परत आलं. या वेळी मालकानं कुंपण स्वतःच काढलं.

पण क्रमाचा खरा हाहाकार झाला तो २०१८ मध्ये, आणि तो मराठी माणसाला जरा जवळून समजेल. अक्षरांचा क्रम ही संगणकात स्वयंसिद्ध गोष्ट नाही. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो, आणि क्ष-ज्ञ त्याच्याही नंतर. म्हणजे अक्षराच्या क्रमांकावरून यादी लावली तर ती मराठी यादी होत नाही. त्यासाठी प्रत्येक भाषेचे नियम लागतात आणि ते लिबसीत असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ नं हे नियम आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेतले. जुने नियम अनेक वर्षं मागे पडले होते आणि कित्येक भाषांवर त्यात अन्याय होता. सुधारणा हवीच होती.

आता पोस्टग्रेससारखा डेटाबेस बघा. त्यात कोट्यवधी नोंदी असतात आणि त्या पटकन सापडाव्यात म्हणून इंडेक्स असतो. तो क्रमानं लावलेला असतो. त्यात शोधताना डेटाबेस प्रत्येक टप्प्यावर 'हे आधी की ते आधी' असं लिबसीला विचारत पुढे जातो. जुन्या लिबसीच्या मते इंग्रजी क्रमात '११' आधी आणि '१-१' नंतर. नव्या लिबसीच्या मते उलटं. इंडेक्स लावलेला जुन्या नियमानं, शोध चालू नव्या नियमानं. मग 'नोंद नाही' असं उत्तर येतं आणि नोंद तर तिथेच असते! त्याहून वाईट म्हणजे, एका क्रमांकाचं एकच खातं असावं असा नियम असला तरी डेटाबेसला पहिलं खातं सापडत नाही आणि तो त्याच क्रमांकाचं दुसरं आनंदानं उघडू देतो. रेड हॅट ८ आणि डेबियन १० या लिनक्सच्या दोन्ही २०१९ मधल्या आवृत्त्यांत हीच लिबसी होती. ज्यांनी यंत्रं अपग्रेड केली आणि इंडेक्स नव्यानं बांधले नाहीत, त्यांच्याकडे हा बिघाड शांतपणे वाढत राहिला. एकही प्रोग्रॅम कोसळला नाही. एकही त्रुटी पडद्यावर आली नाही.

यात चूक कोणाची, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. लिबसीनं भाषांना न्याय दिला. डेटाबेस मात्र असं धरून चालला होता की भाषेचा क्रम कधी बदलत नाही. मेमकॉपीचा तोडगा इथे चालत नाही. कारण इंडेक्स म्हणजे डिस्कवर पडून राहिलेला डेटा, तो कुठल्या व्हर्जनच्या नियमानं लावला होता याची त्यात नोंद नव्हती. पोस्टग्रेसनं शेवटी स्वतःपुरता मार्ग काढला. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत त्यांनी लिबसीवर अवलंबून नसलेली, आपलीच एक क्रमपद्धत दिली. ती अक्षराच्या क्रमांकावरून चालते, म्हणून सहसा बदलणार नाही. आणि तिच्यात 'ळ' पुन्हा 'ल'च्या शेजारी जाऊन बसतो. स्थैर्य हवं असेल तर ही किंमत आहे.

वहिवाटीचा आणखी एक प्रकार आहे, मुकाट वळसा घालून जाण्याचा. फोल्डरमधल्या नोंदी वाचताना मध्येच खूण करून ठेवायची आणि नंतर तिथेच परत यायचं, यासाठी टेलडिर आणि सीकडिर ही फंक्शनं आहेत. खूण केलेल्या जागेच्या गटातली पहिली नोंद मधल्या काळात काढून टाकली असेल तर बीएसडीतलं सीकडिर एक पाऊल जास्त पुढे जायचं आणि एक फाइल वगळली जायची. विंडोजच्या यंत्रांना युनिक्सवरच्या फाइली पुरवणाऱ्या सांबा या प्रोग्रॅमच्या लेखकांना हे ठाऊक होतं. त्यांनी बीएसडीचं फंक्शन टाळून स्वतःचं पर्यायी लिहून घेतलं आणि पुढे गेले. २००८ मध्ये ओपनबीएसडीच्या मार्क बाल्मर यांनी या बगाचा माग काढला, तेव्हा तो १९८३ च्या ४.२ बीएसडीपर्यंत मागे गेला. २५ वर्षं! दुरुस्ती अगदी थोड्या ओळींची होती. खड्डा चुकवून जाणारे सगळे हुशार होते, आणि हुशार लोक जितके जास्त तितका खड्डा दीर्घायुषी होतो.

उलट बाजूही आहे. दुरुस्ती झाली, पण ती दुरुस्ती आहे हे कोणाला कळलंच नाही. नावावरून यंत्राचा पत्ता शोधणाऱ्या फंक्शनमध्ये २००० सालच्या जीलिबसी २.२ पासून एक भोक होतं. मे २०१३ मध्ये ते बुजवलं गेलं, पण साधा बग म्हणून. जी डिस्ट्रिब्युशनं, म्हणजे लिनक्सचे तयार संच, जुनी लिबसी धरून तिच्यात फक्त सुरक्षेचे पॅच लावत होती, त्यांनी हा पॅच घेतला नाही. कारण तो सुरक्षेचा आहे असं त्यावर लिहिलेलं नव्हतं. जानेवारी २०१५ मध्ये क्वालिस कंपनीनं ते भोक 'घोस्ट' या नावानं जाहीर केलं, तेव्हा दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी बुजलेलं भोक असंख्य सर्व्हरवर उघडंच होतं.

काही वाटा बंदच कराव्या लागतात, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी वहिवाटीचा वकील आहे असं वाटेल. गेट्स नावाचं फंक्शन समोरून येईल तेवढा मजकूर घ्यायचं. जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९८८ मधला मॉरिस वर्म, म्हणजे यंत्रातून यंत्रात आपोआप जाणारा प्रोग्रॅम, ज्या दारांनी पसरला त्यातलं एक हे होतं. तरीही सी भाषेच्या प्रमाणपत्रकातून ते जायला २०११ उजाडलं.

आणि काही वाटा उघडायलाच पाव शतक लागतं. मजकुराची मापात नक्कल करण्यासाठी लोक जे स्टर-एन-कॉपी वापरतात ते मुळात जुन्या युनिक्समधल्या १४ अक्षरांच्या फाइलनावांसाठी होतं. मजकूर मोठा असला तर ते शेवटची खूण घालतच नाही. १९९८ मध्ये ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ दे राद यांनी स्टर-एल-कॉपी आणलं. ते जागा ओलांडत नाही आणि शेवटची खूण नेहमी घालतं. बीएसडी घराण्यांनी ते घेतलं, ॲपलनं घेतलं. जीलिबसीनं मात्र नाकारलं. त्यांचं म्हणणं असं, की मजकूर कापला गेला हे न बघणारा प्रोग्रॅम सुरक्षित नसतो, तो फक्त गप्प बसतो. आक्षेप चुकीचा नव्हता. पण दरम्यान शेकडो प्रकल्पांनी हे फंक्शन आपापल्या कोडमध्ये चिकटवून घेतलं, त्यातल्या काहींनी चुकीचं. २०२३ मध्ये जीलिबसी २.३८ नं ते घेतलं. गावानं वाट पाडलेलीच होती, नकाशात ती उशिरा आली.

काही लायब्रऱ्यांत तर कोडपेक्षा माहितीचीच दुरुस्ती जास्त असते. कुठल्या देशात कधी घड्याळं पुढे-मागे झाली याचा एक सार्वजनिक संग्रह आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो उभा केला आणि पॉल एगर्ट यांनी तो पुढे चालवला. लिनक्स, बीएसडी, मॅक, अँड्रॉइड, सगळी घड्याळं तोच वाचतात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारनं उन्हाळी वेळ पुढे ढकलण्याचं ऐन वेळी जाहीर केलं. संग्रहाची नवी आवृत्ती तातडीनं निघाली. देशात गदारोळ झाला, निर्णय फिरला आणि आठवड्याभरातच आणखी एक आवृत्ती काढावी लागली. आपल्याकडे अशी धावपळ नाही. पण १९३० मध्ये मुंबईत किती वाजले होते ते या संग्रहाला विचारून बघा. तो भारतीय प्रमाणवेळ सांगेल. मुंबईची स्वतःची वेळ तेव्हा त्याहून ३९ मिनिटं मागे होती आणि शहरानं ती १९५५ पर्यंत जपली. संग्रहाचा नियम असा, की १९७० पासून ज्यांची घड्याळं जुळतात त्यांना एकच विभाग. त्यामुळे मुंबई तिथे कोलकात्याच्या नावाखाली आहे. लोकमान्यांच्या काळातल्या मुंबईकरांनी यावर सभा भरवली असती.

आता माणसांकडे येतो. कोण कुठून जातं याची आठवण कोडमध्ये नसते, ती देखभाल करणाऱ्याच्या डोक्यात असते आणि पुष्कळदा ते डोकं एकच असतं. फाइली दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची लायब्ररी लासे कोलिन नावाचा एक फिनलंडचा माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी, छंद म्हणून सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्याच्यावर दबाव येऊ लागला. काम हळू चाललंय, दुसऱ्याला हाताशी घ्या. हाताशी एक होताच, जिया टॅन या नावानं आलेला. २०२१ पासून नीट पॅच पाठवणारा, नम्र, चिकाटीचा. हळूहळू त्याच्याकडे अधिकार गेले. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्यानं असं काही पेरलं की सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याचं मुख्य दार बाहेरून उघडता यावं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं. हे पोस्टग्रेसवर काम करणारे गृहस्थ. आपलं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय, एवढ्यावरून त्यांना संशय आला. ज्या आवृत्त्या लोक रोजच्या सर्व्हरवर चालवतात त्यांत ते पोचायच्या आत थांबलं.

कोलिन यांना दोष देणारे मला पटत नाहीत. मला प्रश्न पडतो तो पुढच्या कडीचा. दूरस्थ लॉगिनच्या प्रोग्रॅमला फाइली दाबणाऱ्या लायब्ररीची गरजच काय होती? काहीच नाही. काही डिस्ट्रिब्युशनांनी 'मी तयार आहे' एवढा एक निरोप सिस्टिमला पाठवता यावा म्हणून त्यात एक मोठी लायब्ररी जोडली होती आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेड आली. त्याच वर्षी ओपनएसएसएच या लॉगिनच्या प्रोग्रॅमच्या लेखकांनी तो निरोप पाठवणाऱ्या मोजक्या ओळी स्वतःच लिहून टाकल्या. ही दुरुस्ती आधीही करता आली असती. तयार लायब्ररी मिळते म्हणून जोडणं सोपं असतं, तिच्याबरोबर कोण कोण आत आलं ते मोजायला कोणी बसत नाही.

शेवटी एका तारखेबद्दल बोलतो. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. जुन्या यंत्रांवर ही मोजणी ३२ बिटांत होते आणि त्यात २,१४७,४८३,६४७ च्या पुढे आकडा बसत नाही. तो क्षण १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येतो. त्यानंतर ती घड्याळं डिसेंबर १९०१ दाखवतील. इलाज साधा आहे, ६४ बिट वापरा. पण वेळ ही गोष्ट किती फंक्शनांतून, किती फाइलींतून जाते ते बघितलं की छाती दडपते. ओपनबीएसडीनं मे २०१४ च्या ५.५ आवृत्तीत एका घावात बदल केला. त्यांचं सगळं एकत्र बांधलेलं असतं आणि जुना प्रोग्रॅम चालेल असं वचन ते फारसं देत नाहीत. नेटबीएसडीनं २०१२ मध्येच केला होता, तोही जुनी फंक्शनं जुन्या नावानं जिवंत ठेवून. लिनक्सचं कर्नल ३२ बिटी यंत्रांसाठी २०२० मध्ये तयार झालं. जीलिबसीनं २०२१ मध्ये सोय दिली, पण मागणाऱ्यालाच. कोण कधी लॉगिन झालं याची जुनी नोंदवही तर ६४ बिटी लिनक्सवरही ३२ बिटी वेळ लिहीत होती, कारण त्याच यंत्रावरच्या ३२ बिटी प्रोग्रॅमांना ती वाचता यावी.

डेबियननं हा बदल आपल्या ३२ बिटी एआरएम यंत्रांसाठी ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत पुरा केला. वेळेशी संबंध असलेली प्रत्येक लायब्ररी पुन्हा बांधली. बदललेल्या पॅकेजांच्या नावांपुढे 'टी-६४' असं शेपूट लावलं, म्हणजे जुनं आणि नवं एकमेकांत मिसळू नये. फक्त जुन्या इंटेल ३२ बिटी प्रकाराला त्यांनी हात लावला नाही, आणि यावर भरपूर खल झाला होता. त्या प्रकारावर आता नवं यंत्र कोणी बसवत नाही. तो ठेवलाय तो जुने गेम आणि मूळ कोड हरवलेले व्यापारी प्रोग्रॅम ६४ बिटी यंत्रावर चालवता यावेत म्हणून. वेळेचं माप बदललं असतं तर त्यातले कित्येक चालले नसते. त्यामुळे त्यांचं घड्याळ ३२ बिटीच ठेवलं आहे. ते प्रोग्रॅम २०३८ च्या त्या मंगळवारी सकाळपर्यंत चालतील, आणि तसं ठरवूनच केलं आहे.